जुन्या टेकूची पाचर

मी चौथी पास आहे. पाचवीत दोन महिने बसलो, मग मास्तरशी पटलं नाही आणि घरी आलो. मास्तर स्वतः न्यायला आले, तरी गेलो नाही. पुढे मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली उतरलो आणि निवृत्त होईपर्यंत टिंबर मिस्त्री होतो. खाणीच्या छताला लाकडाचे टेकू देतो तो टिंबर मिस्त्री. माझ्या टेकूखाली बसून माणसं निवांत भाकर खात होती. माझं सर्टिफिकेट तेच.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट कम्प्युटरची आहे आणि वाचणारा म्हणेल, या म्हाताऱ्याला त्यातलं काय कळतं? काही कळत नाही. पण एखादी वस्तू खरंच आपल्या पायावर उभी आहे की नुसती उभी दिसते, हे मला कळतं. हे मी हाताने लिहिलं आहे. चुका नात दुरुस्त करील. वाक्यं बदलायची नाहीत, असा तिला दम दिला आहे.

नात पुण्याला एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. तिचे आईबाप नोकरीपायी नागपूरला, आणि गावच्या घरात मी एकटा. दोन वर्षांमागे ती एक मोठी निळी बॅग घेऊन आली आणि म्हणाली, आबाजी, आता इथूनच काम करणार. गावातल्या शिकलेल्या मुली, सुना गोळा करीन, त्यांना शिकवीन, आणि कंपनीचं काम आम्ही सगळ्या मिळून इथं करू. साहेबाने वर्षभर करून पाहायला परवानगी दिली होती. मी वरून म्हणालो, ठीक आहे, पाह्य. आतून काय झालं ते लिहायची गरज नाही. एवढंच लिहितो, की त्या दिवसापासून मी दोन माणसांचा भात टाकू लागलो. ती निळी बॅग मात्र तिने दाराच्या मागे उभीच ठेवली. कपडे काढायची, घालायची, धुऊन पुन्हा तिच्यातच ठेवायची. कपाट रिकामं होतं. मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, वर्ष तर होऊ द्या जी.

विहाराच्या बाजूला समितीची एक खोली आहे. तिथं पंखा लावला, इन्व्हर्टर आणला, आणि पाच जणी येऊन बसू लागल्या. त्यातली थोरली म्हणजे धानाच्या शेतकरी घरातली सून, दोन लेकरांची आई, तुमसरच्या कॉलेजात शिकलेली. सगळ्यांत हुशार तीच. मी दारात खुर्ची टाकून बसायचो. कोणी मला बस म्हटलं नव्हतं, उठ म्हणायची हिंमतही कोणाची नव्हती.

पहिले कित्येक महिने त्या खोलीत सकाळी एकच भांडण चालायचं. पाच जणींचे पाच तऱ्हेचे लॅपटॉप. कोणाचा नवा, कोणाचा भावाने वापरून दिलेला, थोरलीचा तर झाकण बांधून ठेवावं लागे असा. नात प्रोग्राम द्यायची. एकीकडे चालायचा, दुसरीकडे लाल अक्षरं यायची. मग ही म्हणे, माझ्या इथं तर चालते. ती म्हणे, मंग माझ्या इथं काहून नाई चालत? नात या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जाऊन जाऊन थकायची आणि जेवायची वेळ व्हायची. कामाला हात लागायचा दुपारी.

माझा एक जोडीदार आहे, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. रोज खोलीवरून जाताना थांबायचा.

‘काय बे मिस्त्री, सुटली का नातीची गाडी?’

‘सुटन.’

‘इंजिनच गरम होऊन राहिलं म्हणतात. धक्का मारू का?’

मी त्याला चहा पाजायचो आणि उत्तर द्यायचो नाही. उत्तर असतं तर दिलं असतं.

हिवाळ्यात, वर्ष संपायला आलं तेव्हा, एका दुपारी नात लाखोळीची भाजी निवडत बसली होती. निवडता निवडता तिने सांगितलं, की साहेबाचा फोन आला होता. कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात पाच नवी माणसं याच कामावर येणार आहेत. त्यांना काम सुरू करायला जे जे लागतं ते सगळं तिने तयार करून पाठवायचं. पंधरा दिवसांनी सोमवारी ती माणसं ते उघडतील आणि आपल्या आपण चालू करतील. बारा वाजेपर्यंत तिने त्यांना फोन करायचा नाही, त्यांनी हिला करायचा नाही. बारापर्यंत पाचही जण कामाला लागले, तर गावातली टीम कायम. नाही लागले, तर खोली बंद, आणि हिने पुण्याला परत यायचं.

‘असं तोंडावर म्हणाला?’ मी विचारलं.

‘लई गोड बोलला जी. पण हेच म्हणाला.’

भाजी निवडून झाली तरी ती रिकाम्या सुपातून बोटं फिरवत होती.

मग तिने नवीनच काम काढलं. लॅपटॉपच्या पोटात दुसरा कम्प्युटर बनवायचा. तो हातात धरता येत नाही, पण आत गेलं की सगळं खऱ्यासारखं. कामाला लागतं ते सगळं त्याच्यात बसवायचं, एकदा नीट जमलं की बांधून टाकायचं, आणि त्याचीच नक्कल प्रत्येकीला द्यायची. बाहेरचा लॅपटॉप कोणताही असो, आतला सगळ्यांचा एकच. त्याला त्या डबा म्हणत. मला ते पचेना. तेव्हा थोरलीने समजावलं.

‘आबाजी, आपण धानाचे पऱ्हे एका बांधीत टाकतो का नाई? मंग तेच रोप उपटून सगळ्या बांध्यांत रोवतो. दर बांधीत येगळं बी टाकत बसत नाई. हे तसंच.’

हे समजलं. मी विचारलं, ‘मंग या पऱ्ह्याले माती कोणाची?’

‘माती लागतच नाई आबाजी. त्याचं सगळं त्याच्यातच हाये. हीच तर गंमत.’

त्या हसल्या. मीही हसलो, पण ते मला काही पटलं नाही. माती लागत नाही असं रोप मी पाहिलेलं नाही.

आठ दिवसांत डबा तयार झाला. इंटरनेट इतकं हळू, की पेनड्राइव्हवर घालून हातोहात वाटला. आणि एका सकाळी पाचही लॅपटॉपवर एकच पान उघडलं. दवाखान्यात पेशंटचा नंबर लावायचा प्रोग्राम होता तो. वर निळी पट्टी, खाली नाव लिहायची जागा. भांडण संपलं. थोरलीच्या बांधलेल्या झाकणाच्या लॅपटॉपवरही तेच, तसंच. त्यांनी तर्री-पोहे मागवले. कंडक्टर रस्त्यावरून जात होता, त्यालाही प्लेट मिळाली.

माझी प्लेट तशीच राहिली. मला माझा उस्ताद आठवला.

मी खाणीत नवा होतो तेव्हा पहिला टेकू उभा केला आणि उस्तादाला मोठ्या ऐटीत दाखवला. बाजूलाच मागच्या पाळीने लावलेला एक जुना टेकू होता. उस्तादाने माझ्या टेकूकडे पाहिलंसुद्धा नाही. तो जुन्याजवळ गेला आणि त्याच्या डोक्यावरची पाचर हातोड्याने थोडी ढिली केली. मग म्हणाला, आता आपल्या लाकडाला कान लाव. मी लावला. काही आवाज नाही. उस्ताद म्हणाला, भार आला की लाकूड कुरकुरतं. तुझं गप आहे, म्हणजे ते उगाच उभं आहे, भार तर जुनाच झेलून राहिला. दोन्ही उभे दिसतात, काम एकच करतो. जुन्याची पाचर ढिली करून पाहिल्याशिवाय आपला टेकू झाला असं तोंडातून काढायचं नाही. त्याने जुन्याची पाचर पुन्हा ठोकून बसवली आणि माझा टेकू मला सगळा नव्याने करायला लावला. पुढे निवृत्त होईपर्यंत मी एकही टेकू पाचर ढिली न करता सोडला नाही. मागून नवी पोरं हसायची, तरी नाही.

तर मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली आणि नातीला विचारलं, डबा बनवला कुठं? ती म्हणाली, माझ्या लॅपटॉपवर. तो आता कुठं आहे? हा काय, इथंच. चालू? चालू. मग म्हटलं, तो बंद कर आणि पुन्हा पाहा.

ती म्हणाली, त्याचा काही संबंध नाही. प्रत्येकीचा डबा आपापल्या लॅपटॉपमध्ये आहे. शिवाय तिच्या लॅपटॉपवर दुसरं काम चालू होतं, ते अर्ध्यात थांबवता येत नव्हतं. मी पुन्हा म्हटलं. तिनं पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती जे बोलली ते मला लागलं.

‘आबाजी, तुमची खाण इथं नका आणू जी.’

पाच जणींसमोर बोलली. मी उठून घरी आलो. दोन दिवस आम्ही जेवणापुरतं बोललो. भात वाढू का, वाढ. एवढंच. मी हट्टी आहे, आणि ती माझीच नात आहे.

गुरुवारी ती पाणी प्यायला बाहेर गेली. मी दारातल्या खुर्चीवरून उठलो, तिचा लॅपटॉप मिटला, काखेत घेतला आणि सरळ तलावाच्या वाटेला लागलो. हे चुकीचं होतं. कोणाच्या हत्याराला न विचारता हात लावू नये, हे खाणीत मीच पोरांना शिकवायचो. चूक मान्य आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

ती मागून पळत आली. मी तलावाच्या पाळीवर चढलो होतो.

‘आबाजी, पडन ना ते! द्या इकडं.’

‘देतो. थोडा दम धर.’

‘काय करून राहिले तुमी? माझं सगळं काम त्याच्यात हाये.’

‘तेच पाहून राहिलो, काय काय त्याच्यात हाये ते.’

तिला रडू यायच्या बेतात होतं. मलाही आता वाटू लागलं, की म्हाताऱ्या, जास्तच झालं तुझं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. थोरली होती. फोन कानाला असला तरी त्या बाईचा आवाज मला चार हातांवरून ऐकू येतो.

‘ताई, सगळ्यायचं बंद पडलं. पान उघडते, पण पेशंटची यादीच नाई. पाचही जणींचं.’

नात पाळीच्या दगडावर बसली. खाली पाण्यात कोणाच्या तरी म्हशी डुंबत होत्या, त्यांच्याकडे पाहत राहिली. मग हळूहळू तिने मला सांगितलं. डबा पहिल्यांदा बनवताना पेशंटची सगळी माहिती तिने आपल्या लॅपटॉपवर ठेवली होती, आणि डब्याला सांगितलं होतं, लागेल तेव्हा तिथून घे. आत्तापुरतं, नंतर बदलू, म्हणून. ते नंतर राहूनच गेलं. खोलीत सगळ्या एकाच वायफायवर, त्यामुळे पाचही डब्यांना तिचा लॅपटॉप सापडायचा आणि कोणाला काही जाणवायचं नाही. सोमवारी दुसऱ्या शहरात मात्र तो कोणालाच सापडला नसता. पाच टेकू, आणि भार सगळा बाजूच्या जुन्यावर.

‘मी फक्त पाचर ढिली केली,’ मी म्हणालो आणि लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला.

तिने तो उघडला नाही. पदरात धरल्यासारखा ओढणीत धरून बसली.

‘मी तुमाले तसं बोलाले नोको होतं.’

‘बोलली तर बोलली. खाण आणली ना पण मी?’

‘आणली,’ ती म्हणाली, आणि मग तिला हसू आलं. ‘आज गुरुवार ना? चला मंग, उठा.’

शनिवारपर्यंत त्यांनी सगळी माहिती डब्याच्या आत बसवली. बाहेर काही ठेवलं नाही. या वेळी तिने स्वतःच लॅपटॉप बंद करून घरी आणला. मी तो कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. तिने एकदाही मागितली नाही. डबे चालले.

तरी माझं समाधान झालं नाही. डब्यासोबत एक कागद जाणार होता, आधी काय करायचं, नंतर काय करायचं, असा. तिकडे इंग्रजीत, आमच्या बायांसाठी मराठीत. मी म्हटलं, या कागदावरून मी चालू करतो. तुम्ही कोणी तोंड उघडायचं नाही. मी चुकलो तर कागद चुकला. नात म्हणाली, तुमाले त्रास होईन. मी म्हटलं, त्रास व्हावा म्हणूनच बसून राहिलो.

रविवारी थोरलीचा लॅपटॉप पुसून कोरा केला आणि माझ्यापुढे ठेवला. चष्मा लावून मी वाचायला बसलो. एक ओळ वाचायची, एका बोटाने दाबायचं, पुढची ओळ. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, नेहमीप्रमाणे आत जा. मी हात मांडीवर ठेवून बसलो. पाच जणी माझ्याकडे पाहत होत्या, बोलायची बंदी. शेवटी नात म्हणाली, ‘काय झालं?’

‘हे नेहमीप्रमाणे कोणाचं? मी तर पहिल्यांदाच बसून राहिलो.’

तिने ते खोडलं आणि कोणतं नाव टाकायचं, कोणता पासवर्ड, सगळं लिहिलं, इंग्रजी कागदातही तसंच. पुढे असंच बरेचदा झालं. एका ठिकाणी लिहिलं होतं, थोडा वेळ थांबा. किती थोडा? बैल पाणी पितो तेवढा, की भात शिजतो तेवढा? तिने लिहिलं, वीस मिनिटं, पडदा काळा दिसला तरी बंद करू नका. एका ठिकाणी दोन कामं एकाच ओळीत होती, मी उलटी केली आणि अडकलो. तिने दोन ओळी केल्या. सकाळच्या चहानंतर बसलो होतो, उन्हं उतरायला लागली तेव्हा निळी पट्टी आली. मी नाव लिहायच्या जागी माझं स्वतःचं नाव लिहिलं. खाली आलं, आपला नंबर एक.

शाळेत कधी आला नव्हता. तेव्हा थोरलीने टाळी वाजवली आणि बाकीच्यांनीही. मी म्हटलं, चहा ठेवा, बोट दुखून राहिलं.

सोमवारी नातीने सकाळपासून तीच तीच भांडी दोनदा घासली. खोलीत पाच जणी येऊन बसल्या, पण कोणाचं लक्ष कामात नव्हतं. कंडक्टरही आला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काही न बोलता माझ्या बाजूला बसला. तेवढं मी त्याच्या नावावर लिहून ठेवलं आहे. फोन करायचा नव्हता, म्हणून नातीने फोन माझ्याजवळ दिला. मी तो त्याच बंडीच्या खिशात ठेवला.

अकरा वाजायच्या आधीच खिशात काहीतरी थरथरलं. मी काढून तिला दिला. साहेबाने पाठवलेला फोटो होता. ओळीने पाच पडदे, पाचही निळे, आणि प्रत्येकावर नंबर एक. नातीने तो फोटो एकेकीला दाखवला, सगळ्यांत शेवटी मला.

बाराला साहेबाचा फोन आला. तिने आवाज मोठा केला. साहेब म्हणाला, पाच जणांपैकी एकानेही एक प्रश्न विचारला नाही, असं आमच्याकडे कधी होत नाही. मग विचारलं, ‘तो कागद तुमच्याकडे कोणी तपासला?’

नातीने माझ्याकडे पाहिलं. ‘आमच्या टिंबर मिस्त्रींनी, सर.’

साहेबाला बहुतेक ती कम्प्युटरमधलीच एखादी पदवी वाटली असावी. ‘बरं,’ तो म्हणाला, ‘ते पद टीममध्ये कायम ठेवा.’

कंडक्टरने मांडीवर थाप मारली. ‘सुटली गाडी, मिस्त्री.’

‘तू तिकीट काढलं का बे?’ मी म्हणालो. वर्षभराचं उत्तर मी तेव्हा दिलं.

आता त्या खोलीतून वेगवेगळ्या कामांचे डबे जातात. कंपनीचे दुसरे गटही मागतात, कारण आमचा डबा उघडला की चालतो. आता आठ जणी आहेत. प्रत्येक डबा जाण्याआधी कोरा लॅपटॉप माझ्यापुढे येतो. माझ्यासाठी कागद मोठ्या अक्षरात छापतात. बोट अजून एकच चालतं, आणि मी ते वाढवणार नाही. आठ बोटांनी करणाऱ्याला कागदातली चूक दिसत नाही.

प्रत्येक कागदाच्या शेवटी नातीने एक ओळ कायमची घातली आहे: सगळं चालू झाल्यावर, ज्याने हे बनवलं त्याला त्याचा लॅपटॉप बंद करायला सांगा आणि पुन्हा एकदा पाहा. जी शहरं मी पाहिली नाहीत आणि पाहणार नाही, तिथं बसलेली शिकलेली माणसं ती ओळ वाचतात आणि तसं करतात. का, ते त्यांना माहीत नाही. माझ्या उस्तादाला सही येत नव्हती.

त्या सोमवारी संध्याकाळी नातीने निळ्या बॅगेतले कपडे काढून कपाटात लावले. मग ती रिकामी बॅग घेऊन इकडेतिकडे पाहू लागली, कुठं ठेवू म्हणून. मी तिच्या हातातून घेतली आणि माळ्याला शिडी लावली.

‘आबाजी, मी ठेवतो जी. पडान तुमी.’

‘शिडी धर,’ मी म्हटलं, ‘आणि बोलू नको.’

चढण्याआधी मी शिडी एकदा हलवून पाहिली. पक्की होती. मग बॅग पार आत, कोपऱ्यात, हात पोचणार नाही अशी लोटून दिली.